करंजाखालची घागर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पॉलमामाने ती मला स्वतः सांगितलेली. पॉलमामा थापा मारायला लागला की त्याचे कान हलायचे, सगळ्या ठाण्याला माहीत होतं ते. ही गोष्ट सांगताना त्याचे कान कधी हलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, अमावास्येची रात्र असेल.

नाही. रात्र नव्हतीच. टळटळीत दुपार होती. साल त्रेपन्न, महिना मे. आणि जागा सांगायची तर, शीळवरून मुंब्र्याकडे यायला लागलं की डोंगराच्या अंगाने एक चढ लागायचा. त्या चढावर डाव्या हाताला करंजाचं एकच झाड होतं. बाकी सगळा उघडा दगड. वरती खाण.

त्या झाडाखाली जे झालं, ते सांगतो. मी शिकलोय चौथीपर्यंत. जसं ऐकलं तसंच सांगणार.

पॉलमामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. ठाण्यात चर्चच्या मागच्या गल्लीत घर. त्याच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. इंग्रज गेले तेव्हा कुणी साहेब ती टाकून गेलेला, ती फिरत फिरत मामाकडे आली. मामा तिला म्हातारी म्हणायचा. लग्नाला, बारशाला, कोर्टाच्या कामाला म्हातारी भाड्याने जायची. त्यावर घर चालायचं.

आणि मामी, कॉन्स्टन्समामी, ती नर्स. शीळच्या पुढे एका गावात छोटा दवाखाना होता, तिथे तिची नेमणूक. आठवडाभर तिकडे, रविवारी मिस्साला, चर्चच्या प्रार्थनेला, ठाण्यात. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. दोघंच एकमेकांना. मामा रविवारी सकाळपासून दाढी करून दारात बसायचा.

आता म्हातारीचं एक दुखणं होतं. थंड असली की एका हँडलात सुरू. पण तापली आणि बंद केली, की मेली. हँडल मार, ढकल, शिव्या दे... काही उपयोग नाही. टेंभी नाक्याला राघो मिस्त्री होता, त्याने मामाला समजावलेलं.

"पॉलशेट, पेट्रोलचा पाईप इंजिनाला चिकटून जातो. उन्हात आतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते. पंप बिचारा वाफ ओढतो. वाफेवर गाडी चालते का?"

"मग करू काय?"

"फडकं भिजवायचं, पंपावर ठेवायचं, वर पाणी ओतत राहायचं. गार झाला की चालू होईल. माणसाचा ताप उतरवतात तसं."

एवढं सोपं. मामा डिकीत पाण्याचा डबा ठेवायला लागला. दोन वर्षं गाडी अशीच चालली.

मग आली आखाती. अक्षय्य तृतीया हो. त्या दिवशी मुहूर्त बघायला लागत नाही, त्यामुळे लग्नंच लग्नं. मामाला डोंबिवलीच्या एका वऱ्हाडाचं भाडं होतं. एक खेप सोडून मामा दुसरी खेप आणायला रिकामा ठाण्याकडे परत चाललेला. उशीर झालेला. नवऱ्यामुलाचा काका मागे राहिलेला आणि तो काका फार तापट.

त्या चढावर म्हातारी धापा टाकायला लागली. दोन आचके दिले.

बंद.

मामाने डिकी उघडली. डबा आडवा पडलेला. झाकण सुटलेलं. आत एक थेंब नाही.

आजूबाजूला माणूस नाही. ऊन असं की दगडावर हात ठेवला तर कातडी निघेल. आणि मामाला दिसली ती घागर.

करंजाखाली सावलीत ठेवलेली. नवी कोरी, मातीची. खाली मूठभर तांदूळ पसरलेले. वर मातीचं झाकण, झाकणावर एक पिकलेला आंबा आणि चाफ्याचं फूल.

मामा म्हणाला, वा. काय भाविक लोक आहेत. पाणपोई ठेवलीय, वर आंबापण.

मामा ख्रिस्ती माणूस. उन्हाळ्यात रस्त्याला पाणपोई असते एवढं त्याला ठाऊक. पण आखातीला लोक आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, ते पाणी त्या माणसाचं, वर्षाचं पाणी, त्याला दुसऱ्याने हात लावायचा नसतो... हे त्याला कोण सांगणार? गाडीत वऱ्हाडातली एखादी आजी बसलेली असती तर ओरडली असती. गाडी रिकामी होती.

मामाने घागर उचलली. अर्धी पंपावर ओतली. उरलेली रेडिएटरमध्ये.

आंबापण खाल्ला.

म्हातारी लगेच सुरू झाली. मामा कोय फेकून गाडीत बसणार, तेवढ्यात मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.

एक बाई होती. आगरीण. डोक्यावर पदर, हातात नैवेद्याचं ताट. ती मामाकडे बघतच नव्हती. उपड्या घागरीकडे बघत होती.

"पानी कुनी घेतलं?"

"मी घेतलं, आई. गाडी तापलेली. थांबा, खालून ओढ्यातून आणून देतो भरून."

"वढा आटला कवाच." बाई खाली बसली. तिने ते तांदूळ बोटाने गोळा केले. "ते माझे पोराचं, आनंदाचं पानी होतं, बाला. वरच्या खाणीत कामाला होता. असाच उनाचा दिवस. मुकादमाने पाण्याला सोडला नाय. हितवर चालत आला तो... आन हितंच पडला."

आंब्याचा रस मामाच्या हाताला लागलेला, तो हात त्याने पाठीमागे नेला.

"मला ठाऊक नव्हतं हो. चुकलं माझं."

"तुला शिवी देत नाय मी." बाई उठली. बायजा तिचं नाव, ते नंतर कळलं. "वरसातून एकदा पितो तो. आता तो मागल. पन माझ्याजवल कशाला मागल? मी तर दिलं. त्याचं पानी तुझ्याजवल हाय."

आणि बोट दाखवलं ते मामाकडे नाही.

गाडीकडे.

मामाने छातीवर खुरीस, म्हणजे क्रूसाची खूण, केला आणि गाडी सोडली. ठाण्याला येईपर्यंत त्या काकाच्या शिव्यांचीच भीती जास्त होती. भुताची नव्हती.

ती दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

पहिल्यांदा आवाज आला कोर्टाच्या दारात. वकील उतरून आत गेलेला, मामाने गाडी चालू ठेवलेली. म्हातारी नुसती उभी असली की आधी सावकाश, एकसारखी धकधक करायची. मामाला त्या आवाजावर झोप यायची. त्या दिवशी मात्र आवाज तुटायला लागला. सगळी गाडी थरथरायला लागली. आणि बॉनेटखालून...

गट.

थोडा वेळ काही नाही.

गट... गट...

मग बंद.

तापलेली गाडी. आता सुरू व्हायचं नाव नाही. मामाने फडकं भिजवून पंपावर ठेवलं. फडकं जागच्या जागी सुकलं. वाफ नाही, चर्र नाही. हातात घेतलं तर कडक, वाळत घातल्यासारखं. रेडिएटर उघडला तर आत खडखडाट. सकाळी मामाने स्वतः काठोकाठ भरलेला. खाली जमिनीवर बघितलं.

गळलेला एक थेंब नाही.

राघो मिस्त्रीने म्हातारी पूर्ण उघडली. प्लग काढून घासले, पाईंट बदलले, कॉइल दुसरी लावून बघितली. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुतला. पाईप इंजिनापासून लांब नेऊन बांधला. कुठून हवा शिरते का म्हणून जोडाजोडावर साबणाचं पाणी सोडलं. सगळं ठीक. मग त्याने लांब पेचकस इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, जसा डॉक्टर छाती तपासतो. म्हणाला, "चालू ठेव, रेस देऊ नकोस."

मामाने पाय काढला.

राघो ऐकत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. त्याने पेचकस कानापासून काढला आणि उगाच फडक्याला पुसत बसला.

"काय झालं?"

"काही नाही."

"राघो, बोल ना बाबा."

"पॉलशेट, इंजिन मिसिंग मारतं, ठोके चुकवतं, तो आवाज मला झोपेत ओळखू येतो. हा तो नाही." राघो गाडीकडे बघायला तयार नव्हता. "कुणीतरी घटाघटा पाणी पितंय आत."

"थट्टा करतोस?"

"करतोय असं समज. तू ही गाडी विक. नाही विकलीस तर एक कर. हिला उभी ठेवून चालू ठेवू नकोस. रेस दिलेली असली की तो आवाज येत नाही. उभी राहिली, की प्यायला लागते."

विकणार कुणाला, घेणार कोण? मामा तशीच चालवत राहिला. पण गिऱ्हाईक कमी झालं. आणि मामा रात्री झोपेतून उठून माठ बघायला लागला, भरलेला आहे ना म्हणून. मामीला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. ती नर्स. म्हणाली असती, डोकं तपासून घ्या.

मे संपत आला. मृगाला अजून अवकाश होता. विहिरींचा तळ दिसायला लागलेला. मामीच्या त्या गावात पटकी आली.

पटकी म्हणजे कॉलरा. त्या काळी दोन दिवसात घर रिकामं व्हायचं. मामी रविवारी आली नाही. निरोप आला, फार माणसं आजारी आहेत, येता येत नाही. मामा दारात दाढी करून बसला तो तसाच उठला.

मग एक दिवस सकाळी एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला.

नर्सबाईंनाच लागलीय.

मामाने म्हातारी काढली. थंड होती, एका हँडलात उठली. जाताना करंजाचं झाड लागलं तेव्हा मामाने पॅडल दाबलं आणि नजर रस्त्यावर ठेवली. झाडाखाली कुणी नव्हतं. पण ती घागर अजून तिथेच होती. उपडी.

दवाखान्यासमोर पोचल्यावर त्याने गाडी बंद केली नाही. पॅडलवर एक दगड ठेवला, इंजिन तसंच घोंघावत ठेवलं, आणि आत धावला.

मामीला त्याने ओळखलंच नाही.

डोळे आत गेलेले. गाल बसलेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. ओठ फाटलेले. दवाखान्यातला कंपाउंडर हेमाडे म्हणून होता, तो रडकुंडीला आलेला.

"अंगातलं सगळं पाणी गेलंय. इथे सलाईन संपलं. ठाण्याला सिव्हिलला न्या, आत्ताच्या आत्ता. दुपार टळली तर... पॉलराव, मी काय सांगू तुम्हाला."

"वाटेत काय देऊ?"

"ही उकळलेल्या पाण्याची बाटली. एवढंच आहे. घोट घोट द्या. उलटलं तरी द्या."

दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. मामा सांगायचा, अरे, तिचं वजनच नव्हतं. धुतलेलं लुगडं उचलावं तसं.

"कॉन्स्टन्स, अगं ऐकतेस ना? ठाण्याला जातोय आपण."

तिने डोळे अर्धे उघडले. "अहो, दाढी वाढलीय तुमची," म्हणाली. आणि परत मिटले.

मामाने दगड काढून पाय ठेवला. गाडी सोडली.

थांबायचं नाही. एवढंच त्याच्या डोक्यात. काय वाटेल ते झालं तरी थांबायचं नाही. रेस कमी करायची नाही. खड्डा आला तरी नाही. शीळचा नाका त्याने भोंगा वाजवत तसाच पार केला, लोक शिव्या देत बाजूला झाले. बॉनेटमधून वाफ यायला लागली. येऊ दे. मागे मामीचा श्वास ऐकू येत होता, बारीक, कागद फाडल्यासारखा.

चढ आला. म्हातारी कण्हत चढायला लागली.

आणि वळणावर म्हशी.

अख्खा कळप. राखणारा कुणी दिसेना. रस्ता भरून उभ्या. मामाने भोंगा दाबला, ओरडला. म्हशी हलल्या नाहीत. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

करंजाच्या झाडाकडे.

मामाने ब्रेक मारला. दुसरं करणार काय? पाय पॅडलवरच ठेवला, रेस दिली, पण म्हातारी ऐकेना. आवाज उतरत गेला... उतरत गेला... गाडी थरथरायला लागली.

गट.

"नको," मामा म्हणाला. "नको रे, आज नको."

गट... गट... गट...

बंद.

म्हशी एकदम बुजल्या आणि शेपट्या वर करून डोंगरात पळाल्या. रस्ता मोकळा. आता मोकळा होऊन काय उपयोग.

मग मामाच्या लक्षात आलं, की कसलाच आवाज नाही. मे महिन्यात त्या डोंगरात किडे इतके किरकिरतात की कान किटतात. एक किडा नाही. कावळा नाही. खाणीत घण पडायचे तेही बंद. नुसतं ऊन.

मामाने हँडल घातलं. मारलं. परत मारलं. तळहाताची साल निघाली. पॅडल पूर्ण दाबून बघितलं, पेट्रोल जास्त झालं असेल म्हणून. काही नाही. डिकीतला डबा काढला. सकाळी भरून घेतलेला, झाकण घट्ट.

आत कोरडा. तळाला नुसती दगडाची भुकटी.

राहिली ती मामीची बाटली. अर्ध्याहून कमी.

आता बघा त्या माणसाची दशा. ते पाणी बायकोला द्यावं, तर गाडी सुरू होत नाही, आणि गाडी सुरू नाही झाली तर बायको इथेच जाणार. गाडीला द्यावं, तर बायकोच्या तोंडचं काढून लोखंडावर ओतायचं. मामा बाटली हातात धरून उन्हात उभा राहिला. तो म्हणायचा, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला काय वाटावं, तर हे पण फडक्यावर पडू दे.

शेवटी त्याने अर्धं पाणी फडक्यावर ओतलं. फडकं पंपावर ठेवलं. बोट काढेपर्यंत ते सुकलेलं होतं.

उरले चार घोट. मामा मागच्या दाराशी गेला, मामीचं डोकं उचललं, बाटली ओठाला लावणार...

मामीने तोंड फिरवलं.

"पी ना गं. देवासाठी पी."

"त्याला द्या आधी."

"कोणाला?"

"तो किती वेळ उभा आहे." मामीचे डोळे मिटलेले. आवाज स्वच्छ. पेशंटच्या रांगेत बोलायची तसा. "त्याचा नंबर आधी आहे."

"कॉन्स्टन्स, इथे कोणी नाही गं."

"तुमच्या मागे."

मामा वळला नाही. त्याच्या मानेवर श्वास लागत होता. गरम. कोरडा. खाणीतल्या सुरुंगानंतर येतो तसा वास.

तो म्हणायचा, मला पळावंसं वाटलं नाही. पळून जाणार कुठे? जे काही माझं होतं ते त्या मागच्या सीटवर होतं.

तो उलट्या पावली झाडापर्यंत गेला, नजर खाली ठेवून. उपडी घागर सुलटी केली. बाटली तिच्यात रिकामी केली. चार घोट होते, तळ भिजला नुसता. झाकण नव्हतं, म्हणून गळ्यातला खुरीस काढून काठावर ठेवला. हिंदूची घागर आणि ख्रिस्तावाचा खुरीस. कसं चालतं त्याला ठाऊक नव्हतं.

"आनंदा," तो म्हणाला. "बाबा, तुझं पाणी मी घेतलं. माझ्याजवळ होतं तेवढं हे. माझ्या बाईचं आहे. आता तिला दे की घे, तू बघ."

घागरीत आवाज झाला. कोरड्या मातीवर पाणी पडलं की सूं करतं ना, तसा.

मग काही नाही.

मामा परत आला. हँडल अर्धं फिरवलं.

म्हातारी सुरू झाली.

आणि कशी, तर शिवणयंत्रासारखी. एकसारखी. थरथर नाही, तुटणं नाही. मामाने पाय काढून घेतला तरी चालू. त्याला रडू फुटलं. तो चढून बसला आणि गाडी सोडली.

थोडं पुढे गेल्यावर तो आवाज परत आला.

गट...

मामाने बॉनेटकडे बघितलं. तिथून नव्हता.

गट... गट...

मागच्या सीटवरून येत होता.

मामाने ऐकलेलं होतं, माणूस जाताना घशात घरघर लागते. त्याला वाटलं, झालं. गेली. आरशात बघायचं त्याला धाडस होईना. मुंब्रा मागे पडलं, खाडीचा वारा लागला, तरी तो आवाज चालूच. कळव्याचा पूल आला तेव्हा त्याने एकदाच, एकदाच आरशात बघितलं.

मामीचं डोकं सीटवरून उचललेलं होतं. हवेत. केस खाली लोंबत होते. आजाऱ्याला पाणी पाजताना मानेखाली हात घालून उचलतात ना...

तसं.

हात दिसत नव्हता.

मामाने परत बघितलं नाही. सिव्हिलच्या दारातच गाडी उभी केली आणि ओरडत आत गेला.

मामी वाचली.

संध्याकाळी डॉक्टरने मामाला बोलावलं. "वाटेत हिला पाणी कोण पाजत होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच होतो. पाणी नव्हतंच."

डॉक्टर हसला. "अहो, मी रागावत नाहीये. तेच तर सांगतोय, कुणीतरी भरपूर पाजलंय, म्हणून इथपर्यंत जिवंत आली. सगळा पदर भिजलेला होता. फक्त एक सांगा, पाणी कुठल्या डबक्यातलं होतं? पदराला सगळी दगडाची भुकटी लागलीय."

मामा बाहेर आला. म्हातारी दारात उभी होती. इतक्या तापलेल्या गाडीचा रेडिएटर उघडायचा नसतो, हात भाजतो. मामाने झाकणाला हात लावला.

गार होतं.

उघडलं. काठोकाठ पाणी. माठातल्यासारखं थंड.

पुढे म्हातारीने कधी मिसिंग मारलं नाही. राघोने मात्र तिला परत हात लावला नाही. लांबून नमस्कार करायचा. मामा बायजाला शोधायला गेला, तर ती त्याच पटकीत गेलेली. मागे कोणी नाही. मग घागर भरणार कोण? मामाच भरायला लागला. दर आखातीला ठाण्याहून नवी घागर, तांदूळ, आंबा, चाफा. फादरने एकदा विचारलं तेव्हा मामा म्हणाला, तहानलेल्याला पाणी देतो, फादर, तुम्हीच सांगता ना.

इथे संपली असती तर मीपण म्हणालो असतो, भला आत्मा होता, ऋण फेडून गेला.

पण मामीने एक गोष्ट मामाला कधीच सांगितली नाही. मामा गेल्यावर, स्वतः अगदी थकल्यावर, तिने ती मला सांगितली. तेव्हापासून आखातीची घागर मी नेतो.

ती म्हणाली, "त्या दिवशी तो पोरगा मला ओंजळीने पाजत होता. ओंजळ फुटलेली, सगळी खडी रुतलेली. मी नर्स ना रे. सवयीने विचारलं, बाळा, तुला मिळालं का पाणी? पुरलं का?"

"मग?"

मामी खिडकीकडे वळली.

"नाय म्हणाला. म्हणाला, ह्याने काय होतंय. तुमचं घर दाखवून ठेव."

मामीच्या उशाशी तेव्हा पाण्याचा तांब्या होता. मीच भरून ठेवलेला, थोड्या वेळापूर्वी. मी उठून झाकण काढलं नाही.

तो चढ आता कापलाय. करंजाचं झाड नाही, रस्ता रुंद झाला, ट्रकची रांग लागते तिथे. मी घागर कठड्याला लागून ठेवतो आणि निघतो. वाटेत गर्दीत गाडी अडकली, उभी राहिली, तर एक करतो. पाय रेसवरच ठेवतो.

लोक मागून भोंगे मारतात, काका, पेट्रोल कशाला जाळताय.

जळू दे.